अळीच्या आतड्यातले बॅक्टेरिया काढायचे तर: खाद्यात अँटिबायोटिक की धुतलेली अंडी?

किडीच्या आतड्यातले बॅक्टेरिया असा थिसिसचा विषय घेतलेली मुलं-मुली हल्ली बरीच आहेत आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, बॅक्टेरिया नसलेली अळी बनवायची कशी? खाद्यात अँटिबायोटिक घालायचं की अंडी ब्लीचने धुवून पुढचं सगळं निर्जंतुक ठेवायचं? मी घाटेअळीवर दोन्ही केलंय आणि माझं काम बीटीसोबत (बॅसिलस थुरिंजिएन्सिस, अळ्या मारायला वापरतात तो बॅक्टेरिया) होतं, त्यामुळे माझं मत अंडी धुण्याच्या बाजूला झुकलेलं असणार हे धरूनच वाचा.

अँटिबायोटिकचं मोठं सुख म्हणजे उद्या सकाळी सुरू करता येतं. हरभऱ्याच्या पिठाचं नेहमीचं खाद्य शिजवायचं, आगार जरा कोमट झाला की औषध मिसळायचं, वाट्यांत ओतायचं, झालं. लॅमिनार (निर्जंतुक हवेचं कपाट) कुणी अडवून बसलंय, लाईट गेली, काही फरक पडत नाही. अळ्याही भरपूर मिळतात, म्हणजे गाईडला हवं तेवढं रेप्लिकेशन, म्हणजे तोच प्रयोग पुन्हा पुन्हा, सहज होतं. फक्त पिकांसाठीची स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी आणून काम भागवू नका, ते स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनचं ९:१ मिश्रण आहे, आणि टेट्रासायक्लिन किडीच्या पेशीतल्या मायटोकाँड्रियालाही त्रास देतं, मग अळीचं वजन कमी भरलं तर ते बॅक्टेरिया गेले म्हणून की औषध बाधलं म्हणून, सांगता येत नाही.

आणि एक गंमत, नेहमीच्या बऱ्याच खाद्यांच्या रेसिपीत बुरशी-बिरशीच्या औषधांसोबत स्ट्रेप्टोमायसिन आधीपासूनच असतं. म्हणजे तुम्ही ज्याला कंट्रोल म्हणता त्या अळ्याही पिढ्यान्‌पिढ्या अँटिबायोटिक खाऊनच वाढलेल्या! रेसिपी एकदा नीट वाचा, लॅबमध्ये वर्षानुवर्षं तोच कागद भिंतीवर चिकटवलेला असतो आणि कोणी बघत नाही.

पण खरी मेख वेगळीच आहे. २००६ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या लोकांनी जिप्सी मॉथच्या अळ्यांना अँटिबायोटिक देऊन मग बीटी दिलं तर अळ्या मेल्याच नाहीत, आणि एंटेरोबॅक्टर हा आतड्यातला बॅक्टेरिया परत पोटात घातला तर पुन्हा मरायला लागल्या. म्हणजे बीटी फक्त आतड्याला भोकं पाडतं आणि मारतात ते अळीचेच बॅक्टेरिया, असा निष्कर्ष निघाला आणि सगळीकडे गाजला. मग २००९ मध्ये इंग्लंडातल्या गटांनी औषध सतत न देता बॅक्टेरियामुक्त ठेवलेल्या अळ्या घेतल्या, एकात तंबाखूवरची मोठी शिंगवाली अळी, दुसऱ्यात कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग, आणि त्या बॅक्टेरिया नसतानाही बीटीने व्यवस्थित मेल्या. शंका अशी आली की अळीच्या अंगात उरलेलं अँटिबायोटिक बीटीलाच मारत असेल, कारण शेवटी बीटी हाही बॅक्टेरियाच ना! मूळ गटानेही त्याच वर्षी बऱ्याच जातींच्या अळ्यांवर करून बघितलं तर जातीप्रमाणे निकाल वेगळे आले. म्हणजे वाद पूर्ण मिटलाय असं मी म्हणणार नाही, पण अँटिबायोटिकवरची शंका जाता जात नाही.

माझ्यासाठी निर्णय लागला तो याच ठिकाणी. औषधाच्या खाद्यावरच्या अळ्या साध्या खाद्यावर हलवायच्या, एक दिवस जाऊ द्यायचा, म्हणजे औषध निघून जातं असं सगळे सांगतात. मी त्या अळ्यांच्या आतड्यातला रस काढून, गाळून, बीटी पसरलेल्या प्लेटवर एक थेंब ठेवला. दुसऱ्या दिवशी पूर्ण प्लेटवर पांढुरका मळकट थर आणि थेंबाच्या जागी स्वच्छ गोल, नखाएवढा. साध्या अळीच्या रसाचा थेंब शेजारीच होता, तिथे काही नाही. मग ‘बीटीने कमी मेल्या’ या आकड्याचा अर्थ काय लावायचा? एक दिवस आणखी थांबा, दोन दिवस थांबा, तर तोपर्यंत खाद्यावरून नवे बॅक्टेरिया येऊन बसतात आणि अळी मोठी झाल्यामुळे बीटीचा डोसही बदलतो. म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. हां, बीटी जिवंत न देता नुसतं शुद्ध क्राय प्रोटीन, म्हणजे बीटीचं विष, देणार असाल तर ही तक्रार बरीच सौम्य होते, हे कबूल.

अंडी धुणं काही सुखाचं नाही, आधीच सांगतो. ब्लीच जास्त झालं की अंड्यांतून अळ्या निघत नाहीत, कमी झालं की बॅक्टेरिया राहतात, खाद्य ऑटोक्लेव्ह केलं (दाबाच्या वाफेत निर्जंतुक केलं) की व्हिटॅमिन सी उडतं, ते गाळून नंतर घालावं लागतं, आणि घाटेअळ्या एकमेकींना खातात म्हणून प्रत्येकीची वेगळी बाटली, म्हणजे बाटली उघडण्याची प्रत्येक वेळ ही घाण शिरायची संधी. लॅमिनार नसेल तर या वाटेला जाऊच नका. पण पोटात औषध नाही, त्यामुळे अळी मेली तर का मेली हे बोलता येतं, आणि व्हायव्हामध्ये कोणी अडवलं तर तोंड उघडता येतं. शिवाय पतंगांच्या अळ्यांना बॅक्टेरिया बहुतेक पानावरून आणि अंड्याच्या कवचावरून मिळतात, त्यामुळे कवच साफ केलं की बरंचसं काम झालं. अंड्याच्या आत राहणारा वोल्बाकिया हा बॅक्टेरिया मात्र धुण्याने जात नाही. आणि प्लेटवर काही उगवलं नाही म्हणून खूश होऊ नका, १६एस पीसीआर (बॅक्टेरियाचा डीएनए शोधणारी चाचणी) करून बघा, बरेच बॅक्टेरिया प्लेटवर येतच नाहीत.

माव्यावर काम असेल तर मात्र माझं ऐकू नका. मावा थेट पिल्लं घालतो आणि त्याचा बुकनेरा हा बॅक्टेरिया अंगातल्या खास पेशींत बसलेला असतो, धुणार काय? तिथे अँटिबायोटिकच. रस शोषणाऱ्या बऱ्याच ढेकण्यांमध्ये उलट आहे, आई अंड्यांवर बॅक्टेरिया फासून जाते, तिथे धुणं अगदी मस्त लागू पडतं. आणि जपानातल्या त्या सोयाबीनवरच्या ढेकण्यासारखी केस असेल, जो बर्कहोल्डेरिया मातीतून घेतो आणि त्यातले काही बॅक्टेरिया फेनिट्रोथिऑन हे कीटकनाशक पचवतात म्हणून तो फवारणीतून वाचतो, तर ना औषध ना ब्लीच, पिल्लांना माती लागू दिली नाही तरी भागतं.

घाटेअळी, लष्करी अळी, बोंडअळी आणि सोबत बीटी असं असेल तर मी अंडीच धुईन. ब्लीचची नवी बाटली घ्या, उघडी पडलेल्या बाटलीतलं क्लोरीन उडालेलं असतं, आधी थोड्या अंड्यांवर वेळ बसवा आणि नंतर निर्जंतुक पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा. धुतलेल्या काही अळ्यांना अँटिबायोटिकही द्या, म्हणजे औषध एकट्याने काय करतं ते त्याच प्रयोगात दिसेल.