माइन शेड्युलिंगचं सॉफ्टवेअर दोन वर्षं वापरलं, ५ पैकी साडेतीन

खाणीत कोणती मशीन कधी, कुठं खोदेल याचं वेळापत्रक काढणारं हे सॉफ्टवेअर. कोणतं पॅकेज ते मुद्दाम लिहीत नाही. सर्पॅकवाले, मिनेक्सवाले, डेसविकवाले, मायक्रोमाइनवाले, प्रत्येकाचे भक्त आहेत आणि मला भांडण नको. तसंही बटणं वेगळी असली तरी फसायच्या जागा त्याच आहेत.

आमची कोळशाची ओपनकास्ट (उघडी खाण), चंद्रपूर साइडला, मी ठेकेदाराकडे प्लॅनिंग बघतो. आधी सगळं एक्सेलमध्ये चालायचं, आणि एक्सेलमध्ये आकडा दिसतो पण शॉवेल (खोदून डंपर भरणारी मोठी मशीन) कुठं उभी आहे ते दिसत नाही, त्यामुळे हे आलं तेव्हा मी जाम खूश होतो. पहिलं शेड्युल काढलं तर मार्चपर्यंतचं टार्गेट जानेवारीतच पूर्ण! प्रिंट भिंतीवर लावली. आमचे सर्व्हेयर भाऊ चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "साहेब, ही शॉवेल काय रात्रीतून उडून गेली का?"

खरंच गेली होती ना. दक्षिणेकडचा ब्लॉक (खाणीचा आखलेला तुकडा) संपला तशी दुसऱ्या दिवशी सकाळी तीच मशीन दीड किलोमीटर लांब उत्तरेच्या बेंचवर (खाणीच्या पायरीवर) लोडिंग करून राहिली होती. इलेक्ट्रिक शॉवेल, तिची केबल ओढायची, रॅम्प चढायचा, यात दिवस जातो हे सॉफ्टवेअरला कोण सांगणार? मीच सांगायचं होतं. तेव्हापासून मी एका मशीनला अख्खी खाण मोकळी सोडत नाही, तिचा एरिया ठरवून देतो आणि एका जागेवरून दुसरीकडे जायचा वेळ वेगळं काम म्हणून टाकतो. ऑटोमॅटिकवर सोडलं की ते टार्गेटच्या मागे मशीन नाचवतं.

आता कॅलेंडर. नवीन पोरं सगळा वेळ अ‍ॅनिमेशनमध्ये घालवतात आणि कॅलेंडर अर्ध्या तासात उरकतात, मीही तेच केलं होतं. माझी चूक अशी, की शिफ्ट बदल, जेवण, ब्लास्टिंगचा वेळ हे सगळं कापून मी दिवसाचे साडेएकोणीस तास भरले आणि वर पुन्हा ८० टक्के अव्हेलेबिलिटी (मशीन धड असण्याचा वेळ) आणि ६० टक्के युटिलायझेशन (त्यातला खरं काम करण्याचा वेळ) लावलं. आमच्या हिशोबात जेवण आणि शिफ्ट बदल त्या ६० टक्क्यांत आधीच धरलेले असतात, म्हणजे तेच दोनदा कापलं. २४ तासांवर हिशोब केला तर साडेअकरा तास येतात, माझ्या पद्धतीने सव्वानऊच्या आसपास. रोजचे दोन तास एका मशीनचे गायब. तासाला ४०० घनमीटर धरले तरी रोज ८०० च्या वर ओबी (कोळशावरची माती-दगड) कागदावरूनच गेला. मजा म्हणजे ही चूक आणि उडणाऱ्या शॉवेलची चूक एकमेकींना झाकत होत्या, म्हणून लवकर सापडलीच नाही. तेव्हा तुमच्याकडे युटिलायझेशनचा आकडा कुठून आला आणि त्यात काय काय धरलंय ते एकदा मेंटेनन्सवाल्यांना जाऊन विचारा.

पावसाळ्याचं तर विचारूच नका. ट्रेनिंगला आलेल्या माणसाने जो डेमो दाखवला त्यात वर्षाचे बाराही महिने सारखे, आणि इथं आमच्याकडे जुलैत खालची बेंच म्हणजे सम्प (पाणी साचायचा खड्डा) होतो! बरेच जण जून ते सप्टेंबर रेट सरसकट ७० टक्के करून मोकळे होतात. त्याने महिन्याचा आकडा बरा दिसतो पण सॉफ्टवेअर त्या ७० टक्क्यांतसुद्धा मशीन पाण्याखालच्या ब्लॉकवर लावतं. मी खालच्या बेंचचे ब्लॉक त्या महिन्यांत बंदच करतो आणि वरच्या सीमचा (थराचा) कोळसा जूनच्या आधी किती उघडा हवा ते उलटं मोजत येतो. वरची काळी माती तर मेच्या आत काढायची म्हणजे काढायची, कारण पाऊस थांबला तरी तिच्यावरून डंपर चालत नाही, चाकं फिरतात आणि गाडी जागेवर. म्हणून पावसाचे तास आणि पावसानंतरचे रिकामे तास वेगळे धरा.

डंपकडे (ओबी टाकायच्या जागेकडे) कुणी बघत नाही. कोळसा कुठून काढायचा याच्यावर तीन मीटिंगा होतात, ओबी कुठं टाकायचा याच्यावर एक वाक्य. १० लाख घनमीटर ओबी खोदला की तो फुगून साधारण १२-१३ लाखांची जागा मागतो, आणि डंपची जागा खोदाईच्याच मापात दिली तर सॉफ्टवेअर चूपचाप बसवून टाकतं. इंटर्नल डंप (कोळसा काढलेल्या जागेतच ओबी टाकणं) असेल तर त्या पट्ट्यातला कोळसा निघाल्याशिवाय डंप पुढे सरकणार नाही ही अट हाताने घालावी लागते. लीडचंही (माल वाहून न्यायच्या अंतराचंही) तसंच, सरळ रेषेत अंतर धरू नका. हॉल रोडचा (डंपरच्या रस्त्याचा) चढ १ ला १६ धरला तर ३० मीटर चढायला ४८० मीटर रस्ता लागतो, नकाशावर डंप अगदी समोर दिसत असला तरी. दर महिन्याला लीड वाढत जातो आणि नेमके फेब्रुवारी-मार्चमध्ये डंपर कमी पडतात, मग सगळे विचारतात शॉवेल रिकामी का उभी आहे.

किरकोळ पण डोकं फिरवणाऱ्या दोन गोष्टी. ब्लॉकला ३-४ असं नाव दिलं आणि फाइल एक्सेलमधून फिरून आली की त्याची तारीख झालेली असते, म्हणून नावाची सुरुवात अक्षराने करा, बेंच मग स्ट्रिप (पट्टा) मग ब्लॉक, मध्ये जागा सोडू नका. आणि को-ऑर्डिनेट बघा. आपलं चंद्रपूर यूटीएमच्या (नकाशाच्या को-ऑर्डिनेटची पद्धत) ४४ झोनमध्ये, मुंबई-गोवा ४३ मध्ये, आम्हाला एकदा ड्रोनची फाइल ४३ ची आली आणि अख्खी खाण स्क्रीनवरून गायब, आम्ही तासभर ग्राफिक्स कार्डला शिव्या देत होतो.

ब्लॉक लहान केले की प्लॅन अचूक होतो हाही गैरसमज आहे. मी २५ मीटरचे केले होते, रन करायला लावून जेवून यायचो तरी चालूच. पाच वर्षांच्या प्लॅनला एवढं बारीक काही लागत नाही, ते पुढच्या तीन महिन्यांपुरतं ठेवा. महिनाअखेरचा सर्व्हे मात्र न चुकता आत घ्या आणि पुढचं शेड्युल त्या खऱ्या सरफेसवरून सुरू करा, नाहीतर सहा महिन्यांनी तुम्ही अशी खाण प्लॅन करत असता जी जमिनीवर नाहीच.

साडेतीन का, तर काम चांगलं करतं. एखादी शॉवेल १५ दिवस ब्रेकडाउन गेली तर काय होईल हे तासाभरात दाखवतं, एक्सेलमध्ये त्याला दोन दिवस लागायचे. एक स्टार कापला तो तीन दिवसांच्या ट्रेनिंगसाठी, पावसाचा डेमोच नाही. आणि अर्धा डोंगलसाठी. आमचं लायसन्स एका यूएसबी डोंगलवर आहे, तो कुणीतरी पेन ड्राइव्ह समजून घरी नेला आणि आम्ही शनिवारपासून सोमवारपर्यंत हात चोळत बसलो. आता तो कपाटात असतो, चावी ओव्हरमनकडे (खाणीतल्या पर्यवेक्षकाकडे). त्यांना गँट चार्ट (आडव्या पट्ट्यांचं वेळापत्रक) बिलकुल आवडत नाही, मोठ्या कागदावर महिन्यानुसार रंगवलेला नकाशा दिला की बोट ठेवून सांगतात, "इथं नाही होणार साहेब, इथं पाणी आहे."