उंच नाक की उतरते नाक? विद्यार्थ्यांच्या रेसिंग कारसाठी एक तुलना

सांगाड्याची पहिली नळी कापण्याआधी गाडीचे नाक ठरलेले असावे लागते, ही गोष्ट बहुतेक टीमना उशिरा उमगते. गड्ड्याची यात्रा ज्या महिन्यात भरते त्याच जानेवारीत कोइम्बतूरला फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रेसिंग गाड्यांच्या स्पर्धेसाठी गाडी न्यायची, असे ठरवलेल्या सोलापुरातल्या विद्यार्थ्यांपुढे मुख्यतः दोन पर्याय असतात: नाकाचे टोक उंच ठेवून त्याखाली पंख (हवेच्या जोराने गाडी खाली दाबणारी पट्टी) टांगायचा, किंवा नाक सरळ खाली उतरवायचे.

उंच नाकाची वाट १९९० मध्ये टिरेल ०१९ या फॉर्म्युला वन गाडीने दाखवली. तिच्यामागे हार्वे पोस्टलथ्वेट आणि जाँ-क्लोद मिझो हे दोघे होते. नाकाखालची जागा मोकळी राहिली की पुढच्या पंखाच्या मधल्या भागाला स्वच्छ वारा मिळतो आणि गाडीच्या तळाखाली अधिक हवा जाते. ती तिथून वेगाने सरकताना दाब घटतो आणि गाडी रस्त्याला घट्ट धरून राहते. दोष असा, की उंच टोक दुसऱ्या गाडीच्या कुशीत शिरले तर ते चालकाच्या डोक्याच्या पातळीला पोहोचते. म्हणून २०१२ मध्ये नाकाची उंची गाडीच्या संदर्भ-पातळीपासून (उंची मोजण्यासाठी तळाशी धरलेल्या पातळीपासून) ५५० मिमीवर आणली गेली. मात्र त्यामागच्या सांगाड्याला ६२५ मिमीपर्यंत मुभा राहिल्याने बहुतेक गाड्यांच्या नाकावर एक बेढब पायरी उमटली. मॅक्लारेनने मुळातच सांगाडा खाली ठेवल्यामुळे तिची गाडी या विद्रूपतेतून सुटली.

२०१४ चा नियम आणखी कडक होता: टोकाजवळच्या छेदाचा मध्य त्याच पातळीपासून १८५ मिमीपेक्षा वर नको आणि टोकापासून ५० मिमी मागे त्या छेदाचे क्षेत्रफळ किमान ९,००० चौरस मिमी हवे. त्यावर अनेकांनी नियमापुरते एक बोट पुढे काढले आणि उरलेले नाक उंचच ठेवले. लोटसने तर दोन सुळे दिले आणि त्यांतला एक लांब ठेवला, म्हणजे टोक म्हणून तेवढाच मोजला जावा. मर्सिडीज आणि फेरारी यांनी रुंद, उतरते नाक निवडले. मर्सिडीजने त्या वर्षी १९ पैकी १६ शर्यती जिंकल्या खऱ्या, पण त्याचे श्रेय नाकापेक्षा इंजिनाकडे जाते.

आता आपल्या गाडीकडे येऊ. हवेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; त्यामुळे ताशी ३०० किमीला जो जोर मिळतो, तो ताशी ५० किमीला छत्तिसाव्या हिश्शावर येतो, आणि विद्यार्थ्यांच्या वळणावळणाच्या मार्गावर गाडी बराच वेळ याच वेगाच्या आसपास असते. तेव्हा पुढचा पंख आणि तळाचा डिफ्यूझर (तळाच्या मागच्या टोकाचा वर चढत जाणारा भाग) खरोखर बनवणार नसाल, तर उंच नाकाला अर्थ उरत नाही. उलट तोटाच अधिक, कारण नियमाप्रमाणे पायांच्या भागातून ३५० मिमी गुणिले ३५० मिमीचा तपासणीचा साचा सरकावा लागतो, म्हणजे ती जागा लहान करता येत नाही. नाक उचलले की पेडल, चालकाचे पाय आणि फ्रंट बल्कहेड (सांगाड्याची सर्वांत पुढची चौकट) हे सगळेच वर जाते आणि गुरुत्वमध्यही त्यांच्याबरोबर चढतो.

सुरक्षिततेच्या बाबतीत दोन्ही नाकांना एकच हिशेब लागू आहे. १९८५ पासून फॉर्म्युला वनमध्ये नाकाची टक्कर-चाचणी सक्तीची झाली. तिचे धाकटे रूप म्हणजे नाकातला, स्वतः चेपून धक्का शोषणारा फोमचा ठोकळा, आपला इम्पॅक्ट अ‍ॅटेन्युएटर. ३०० किलोची गाडी सेकंदाला ७ मीटर वेगाने आदळली असे धरून त्याने ७,३५० ज्यूल ऊर्जा शोषायची असते, आणि तेही सरासरी मंदन (वेग घटण्याचा दर) २० जी, म्हणजे गुरुत्व-त्वरणाच्या २० पट, व कमाल ४० जी ओलांडू न देता. सरासरी २० जीने थांबायलाच सुमारे १२५ मिमी अंतर लागते आणि फोम पूर्ण चेपला जात नाही, त्यामुळे नियमातली २०० मिमीची किमान लांबी चैन वाटू नये. आमच्या टीमने आधी नाकाचा मोल्ड केला आणि मग अ‍ॅटेन्युएटर आत बसवायला गेलो, तर वरचे दोन्ही कोपरे फायबरला टेकले. मोल्ड फोडावा लागला.

बनवण्याच्या दृष्टीनेही उतरते नाक सोपे आहे. उंच नाकाच्या खालच्या बाजूला दुहेरी बाक येतो आणि तिथे साध्या विणीचे काचकापड सुरकुतते. ताणाबाणा म्हणजे काय हे सोलापूरकराला वेगळे सांगायला नको. तिरप्या विणीचे ट्विल कापड तिथे बरे बसते. एप्रिलमध्ये दुपारी काम काढू नये, कारण हार्डनर मिसळल्यावर काचतंतूंची मॅट दाबून होण्याआधीच डब्यातले रेझिन तापून घट्ट होते. पहाटे बसावे.

पहिल्यांदाच उतरणाऱ्या टीमने माझ्या मते उतरते नाक घ्यावे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची, पंखाची चाचणी करून पाहिलेली टीम असेल तर मध्यम उंचीचा विचार जरूर करावा. दोन्ही बाबतींत पुढच्या कडांना किमान ३८ मिमी त्रिज्येची गोलाई हवी. तेवढ्या मापाचा पुठ्ठा कापून तो रंग देण्याआधी नाकाच्या वर, खाली आणि दोन्ही बाजूंना फिरवून पाहावा, कारण स्पर्धेत परीक्षकही नेमके तेच करतात.