सोडून जाता येतं का? सही केलेला झोन हलवण्याच्या कसोटीवर चार डीएनएस सेवा

डीएनएस म्हणजे डोमेनच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी व्यवस्था. ती पुरवणाऱ्या सेवांची परीक्षणं बहुतेक वेळा उत्तर किती मिलिसेकंदांत येतं इथेच संपतात. डीएनएससेक, म्हणजे डीएनएसच्या रेकॉर्डांवर डिजिटल सही करायची पद्धत, लावलेल्या डोमेनसाठी (त्याच्या सगळ्या रेकॉर्डांना मिळून झोन म्हणतात) त्याहून मोठा प्रश्न असा, की उद्या ही सेवा सोडायची झाली तर डोमेन मध्येच विनासही न करता बाहेर पडता येईल का? क्लाउडफ्लेअर, गूगल क्लाउड डीएनएस, डीसेक आणि अमेझॉनची रूट ५३ या चौघांना इथे फक्त तेवढ्याच कसोटीवर घासलं आहे.

दुसऱ्या ऑपरेटरची (डीएनएस चालवणाऱ्याची) सार्वजनिक की, म्हणजे सही पडताळायची किल्ली, ही सेवा आपल्या डीएनएसकी संचात (झोनच्या सार्वजनिक किल्ल्यांच्या यादीत) ठेवू देते का, यावर सगळं ठरतं. नेमसर्व्हर (डोमेनची उत्तरं देणारे सर्व्हर) बदलल्यावर रिझॉल्व्हरांच्या, म्हणजे वापरकर्त्यासाठी ती उत्तरं शोधून आणणाऱ्या सर्व्हरांच्या, कॅशमध्ये काही काळ जुन्या-नव्याची सरमिसळ असते. एखाद्याकडे जुन्या ऑपरेटरचा डीएनएसकी संच साठवलेला असतो, पण ए रेकॉर्ड (नावाचा आयपी पत्ता) तो नव्याकडून आणतो. त्या रेकॉर्डवर सही नव्या ऑपरेटरच्या झेडएसकेची, म्हणजे रेकॉर्डांवर सही करणाऱ्या कीची, असते. ती की साठवलेल्या संचात नसली की पडताळणी फसते आणि वापरकर्त्याच्या वाट्याला सर्व्हफेल, म्हणजे उत्तराऐवजी त्रुटी, येतं. दोन्हीकडच्या संचांत दोघांच्याही झेडएसके असल्या आणि पालक झोनमध्ये (डॉट कॉमसारख्या वरच्या पातळीवर) दोघांचेही डीएस, म्हणजे कीचा ठसा असलेले रेकॉर्ड, असले, तर कुठला तुकडा कुठूनही येवो, साखळी जुळते. सप्टेंबर २०२० च्या आरएफसी ८९०१ या तांत्रिक दस्तऐवजातलं दुसरं मॉडेल हेच सांगतं. केएसके (डीएनएसकी संचावर सही करणारी की) आणि झेडएसके ज्याच्या त्याच्या वेगळ्या राहतात, देवाणघेवाण फक्त सार्वजनिक भागाची होते. खासगी की एकमेकांना देण्याचा मार्ग स्वतःचे सर्व्हर असतील तर ठीक. होस्टेड सेवांच्या बाबतीत तो विचार सोडूनच द्यावा.

या कसोटीवर क्लाउडफ्लेअर सर्वांत पुढे आहे. डीएनएससेक सुरू करताना मल्टी-सायनर (एकाहून जास्त सही करणारे) पर्यायही चालू करायचा, मग झोनच्या माथ्यावर, म्हणजे खुद्द डोमेनच्या नावावर, बाहेरच्या ऑपरेटरची झेडएसके साध्या डीएनएसकी रेकॉर्डसारखी भरायची. तो पर्याय बंद असेल तर भरलेली की संचात येत नाही, म्हणून पडद्यावर रेकॉर्ड दिसतोय यावर न विसंबता नेमसर्व्हरलाच डिग या आज्ञेने विचारावं. दुसरी खोच एनएस, म्हणजे नेमसर्व्हर कोणते ते सांगणाऱ्या, रेकॉर्डची आहे. माथ्यावर भरलेले बाहेरचे एनएस मल्टी-प्रोव्हायडर पर्याय चालू केल्यावरच वापरात येतात. हे एक बटण राहून गेलं, तर की बरोबर असूनही हलवाहलव अर्धवट राहते, कारण काही रिझॉल्व्हर पालकापेक्षा झोनच्या स्वतःच्या एनएस संचावर जास्त विश्वास ठेवतात आणि तिथे जे लिहिलंय त्यालाच चिकटून बसतात. शिवाय प्रॉक्सी (रहदारी मध्ये घेऊन मूळ सर्व्हरकडे पाठवणारा सर्व्हर) लावलेल्या नावांना क्लाउडफ्लेअर स्वतःचे पत्ते देतं, दुसरा ऑपरेटर मूळ सर्व्हरचे. डीएनएससेकला त्याचं वावडं नाही, पण मूळ सर्व्हरचं फायरवॉल फक्त प्रॉक्सीलाच आत घेत असेल तर निम्मे लोक बाहेर राहतील.

गूगल क्लाउड डीएनएसमध्ये डीएनएससेकच्या चालू आणि बंद या स्थितींखेरीज ट्रान्सफर नावाची तिसरी स्थिती आहे. ती असेल तेव्हाच झोनमध्ये बाहेरच्या डीएनएसकी घालता येतात. येताना झोन याच स्थितीत उघडायचा, जाताना चालूवरून इकडे आणायचा. नाव अगदी नेमकं आहे, आणि ही स्थिती फक्त हलवाहलवीपुरती हे वापरणाऱ्याच्या लक्षात राहतं. सहीचा अल्गोरिदम निवडता येतो हा इथला मोठा फायदा, त्याचं कारण पुढे येईल.

डीसेक ही बर्लिनची ना-नफा संस्था. तिच्याकडे प्रत्येक झोन आपोआप सही होतो, अल्गोरिदम १३ ने (सहीच्या प्रत्येक अल्गोरिदमला असा क्रमांक असतो). माथ्यावर जादा डीएनएसकी, तसंच सीडीएस आणि सीडीएनएसकी (पालकातला डीएस काय असावा हे सांगणारे रेकॉर्ड) भरायची सोय आहे. टीटीएल (रेकॉर्ड कॅशमध्ये किती काळ ठेवायचा ती मुदत) मात्र साधारणपणे ३६०० सेकंदांच्या खाली उतरत नाही, तेव्हा प्रत्येक टप्प्याला निदान तेवढी वाट पाहणं आलं. कुठल्याही ऑपरेटरकडे केएसके-झेडएसके वेगळ्या नसून एकच सामायिक की असेल, तर झेडएसके शोधत बसू नये. डीएनएसकी रेकॉर्डमध्ये २५७ हा फ्लॅग असलेली तीच की दुसरीकडच्या संचात जाते.

रूट ५३ या परीक्षेत नापास. केएसके अमेझॉनच्या की सांभाळणाऱ्या केएमएस सेवेत राहते, झेडएसके सेवा स्वतः सांभाळते, आणि सही बिघडली तर क्लाउडवॉच या देखरेख सेवेवर इशारा लावता येतो. रोजच्या वापराला उत्तम व्यवस्था. पण झोनमध्ये भरता येणाऱ्या रेकॉर्ड-प्रकारांत डीएनएसकीच नाही. म्हणजे इथून निघताना किंवा इथे येताना डोमेन काही काळ विनासही करावंच लागतं. त्यात क्रम चुकवायचा नाही. आधी डीएस काढायचा, त्याचा टीटीएल संपू द्यायचा, मगच सही बंद करायची. डॉट कॉममध्ये डीएसचा टीटीएल ८६,४०० सेकंद, म्हणजे पूर्ण २४ तास. ३० सप्टेंबर २०२१ ला स्लॅकने अडचण आल्यावर डीएस काढला आणि पाठोपाठ सहीही बंद केली. रिझॉल्व्हरांच्या कॅशमधले डीएस मात्र शाबूत होते, आणि ते संपेपर्यंत अनेकांना स्लॅक उघडेना. ज्यांच्या झोनमध्ये सहीवर विसंबणारे रेकॉर्ड (मेलसाठी टीएलएसए, एसएसएचसाठी एसएसएचएफपी) नाहीत, त्यांनी हा विनासही मार्ग कमीपणाचा मानू नये. नीट वाट पाहून केला तर त्यात चुकायला जागा कमी आहे.

बाकीच्या तिघांत हलवायचं तर खरं काम वाट पाहण्याचंच. आदल्या आठवड्यात डीएनएसकी आणि झोनमधल्या एनएसचा टीटीएल ३६०० वर आणावा. नव्या जागी झोन भरताना जुने सहीसंबंधीचे रेकॉर्ड (आरआरसिग, एनसेक, एनसेक३, एनसेक३पॅराम, डीएनएसकी आणि सीडीएस) गाळून टाकावेत. जुनी सही तिथे कचराच. झोन सही झाला की झेडएसकेंची अदलाबदल करून जुन्या डीएनएसकीचा टीटीएल उलटू द्यावा. मग नवा डीएस जुन्याच्या शेजारी वाढवावा. बदलायचा नाही, वाढवायचा! काही रजिस्ट्रारांच्या (डोमेन विकणाऱ्या कंपन्यांच्या) फॉर्ममध्ये एकाच डीएसला जागा असते, ते आधीच पाहून ठेवावं. डीएसचा टीटीएल सरला की एनएस बदलावेत, पालकात आणि दोन्ही ऑपरेटरांच्या झोनमध्येही. डॉट कॉममध्ये एनएसचा टीटीएल १,७२,८०० सेकंद, म्हणजे ४८ तास आहे. तोवर जुन्या ऑपरेटरने उत्तरं देत राहायला हवं, आणि सह्यांची मुदतही वाढवत राहायला हवी. पुढे जुना डीएस काढून त्याचा टीटीएल संपला, की नव्या संचातून जुनी झेडएसके काढायची. या काळात कुठल्याही बाजूने आपोआप झेडएसके फिरवली, म्हणजे बदलून नवी आणली, तर दुसऱ्या संचात ती नसणार, म्हणून रोटेशनचं वेळापत्रक आधी तपासायचं.

अल्गोरिदम दोन्हीकडे एकच हवा. आरएफसी ४०३५ नुसार संचातल्या प्रत्येक अल्गोरिदमची सही प्रत्येक रेकॉर्डसंचावर असायला हवी. एकीकडे ८ आणि दुसरीकडे १३ असेल तर दोघंही हा नियम मोडतात. पुष्कळ रिझॉल्व्हर ते चालवून घेतात, पण कडक तपासणी लावलेले घेत नाहीत. म्हणून जुन्या जागीच आधी अल्गोरिदम बदलावा, आणि हलवाहलव त्यानंतर.

सीडीएस सर्वांत दगाबाज. काही रजिस्ट्री (पालक झोन चालवणाऱ्या संस्था) झोनमधला सीडीएस वाचून डीएस स्वतःच बदलतात. दोघं ऑपरेटर फक्त आपापलाच सीडीएस छापत असतील तर मेहनतीने वाढवलेला दुसरा डीएस गायब होऊ शकतो. दोन्हीकडे दोघांचा एकत्र संच ठेवा, नाहीतर सीडीएस बंदच करा. शेवटची तपासणी डीएनएसव्हिझ या संकेतस्थळावर, आणि प्रत्येक नेमसर्व्हरला वेगळं विचारून. रिझॉल्व्हरकडून सर्व्हफेल येतंय पण सीडी फ्लॅग (पडताळणी करू नकोस अशी सूचना) लावल्यावर उत्तर मिळतंय, तर दोष सहीच्या साखळीत आहे आणि पुढचं पाऊल थांबवावं.