मारुती ८०० चा तळ आणि मिरजोळ्याचं बिनपाटीचं गॅरेज

बाबांची पांढरी मारुती ८००, १९९९ ची. २०२४ साली ५,००० रुपये भरून आरसी पाच वर्षांनी वाढवून घेतली, त्यामुळे "आता २०२९ पर्यंत बोलायचं नाही" असा घरात ठराव झालेला. आमचं घर रत्नागिरीत पांढऱ्या समुद्राजवळ. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि उरलेले आठ महिने खारा वारा. इथे खिडकीचे गज टिकत नाहीत, तिथे गाडीचा पत्रा काय टिकणार!

मे महिन्यात ड्रायव्हरच्या पायाखालून कुजका वास यायला लागला. ब्रेक दाबताना टाचेखाली मॅट किंचित खाली जायची. बाबांचं म्हणणं, मॅट जुनी झाली. मी मॅटचा कोपरा उचलला तर खालून अंगणातली वाळू दिसली.

मिरजोळे एमआयडीसीच्या मागच्या अंगाला पत्राकाम करणारे एक चाचा आहेत. गॅरेजला पाटी नाही, फणसाच्या झाडाखाली दोन जुन्या रिक्षांचे सांगाडे दिसले की वळायचं. त्याआधी दोन ठिकाणी विचारून आले होते. दोन्हीकडे दारातूनच वाकून बघून आकडा सांगितला. चाचांनी आकडा सांगितलाच नाही. म्हणाले, "ताई, पत्रा काय, मी आजपण मारीन. पाणी येतंय कुठनं ते आधी बघूया."

मी पैसे दिले ते वेल्डिंगचे, पण खरे वसूल झाले ते ह्या पहिल्या दोन तासांत.

आधी पुढच्या दोन्ही सीट काढल्या, दाराखालच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या काढल्या आणि रबरी मॅटिंग गुंडाळून बाहेर टाकलं. त्याखालचा नमदा, म्हणजे जाड लोकरी थर, पोऱ्याने पिळला तर धुणं पिळल्यासारखं पाणी निघालं. चाचांनी ते बोटावर घेऊन चोळलं, वास घेतला. चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर हीटरमधून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, गळतंय, हे मला तेव्हा कळलं. आमचं साधं पावसाचंच होतं, म्हणजे मागच्या वर्षीपासून मुरत बसलेलं! मग एकाला आत टॉर्च घेऊन डोकं डॅशबोर्डखाली घालून झोपवलं आणि बाहेरून काचेवर नळी सोडली. चार-पाच मिनिटांनी आतून आवाज आला, "आला, आला, उजवीकडनं!" पुढच्या काचेचं रबर कडक होऊन खालच्या कोपऱ्यात सुटलं होतं. तिथून पाणी आतल्या बाजूने उतरून थेट ड्रायव्हरच्या पायाशी. तळाला भोक पडलं होतं ते वरून. मी उगाच रस्त्यावरच्या चिखलाला बोल लावत होते.

मग तपासणी. लहान हातोडी आणि जुना स्क्रू ड्रायव्हर, बाकी काही नाही. चांगला पत्रा टण्ण वाजतो, गेलेला थप्प. थप्प वाजला की स्क्रू ड्रायव्हर टेकवून दाबायचा. आत गेला नाही तर वरवरचा गंज, गेला तर कापायचा. वरवरच्याला खडूने गोल, कापायच्याला फुली. तळाच्या पत्र्याला चिकटवलेली डांबरी शीट वरून धडधाकट दिसत होती तिथेही त्यांनी ती खरवडून काढायला लावली, आणि तिच्याच खाली सगळ्यात मोठी फुली निघाली.

डावीकडे वेगळीच गंमत. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गॅरेजात ४,५०० रुपये देऊन "तळ पक्का" करून घेतला होता. तिथे गंज न काढताच वरून फायबरचं कापड आणि रेझिन लावून खालून काळं कोटिंग मारलेलं. वरून झकास. चाचांनी टोक उचललं तर अख्खा पापड हातात आला, आणि त्याच्या पाठीला आमचा पत्रा पावडर होऊन चिकटलेला.

फुल्या मोजून झाल्यावर चाचा बराच वेळ दाराखालचा डबा (दाराच्या उंबऱ्याखालची पत्र्याची पोकळ पेटी) आणि सीट ज्यावर बसते ती आडवी पट्टी ठोकत बसले. ह्या गाडीला ट्रकसारखी वेगळी चॅसी नसते. तळ, दाराखालचे डबे, खांब आणि छप्पर मिळूनच सांगाडा. तळाला नुसती भोकं असली तर ठिगळ चालतं. डबे आणि आडव्या पट्ट्या गेल्या असत्या तर खर्च दुप्पट, आणि "मग मी तुम्हाला गाडी काढा सांगितलं असतं," असं ते म्हणाले. आमच्या उजव्या डब्याचा वीतभर तुकडा गेला होता, बाकी शाबूत. एवढं झाल्यावर आकडा सांगितला: १४,५००, मालासकट.

काम बघायला मी दोनदा जाऊन बसले. एका वेळी एकच बाजू कापली, दारं बंद ठेवून, गाडी चारही बाजूंनी सारखी टेकवून. नाहीतर सांगाडा बसतो आणि मग दार लागत नाही. बॅटरी सोडवलेली, तळाखालून जाणारा पेट्रोलचा पाइप सोडवून बाजूला, शेजारी ओलं गोणपाट आणि पाण्याची बादली. ब्रेकचा एक पाइपही गंजलेला सापडला, तो ७०० रुपयांत बदलला. नवा पत्रा २० गेजचा. मूळ तळाला ताकदीसाठी पन्हळीसारख्या नाळी असतात, तशाच त्यांनी पाइपावर ठोकून काढल्या. मी विचारलं, सपाटच लावला तर? "पाय ठेवला की डब्यासारखा वाजंल." वेल्डिंग सीओटूचं, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या झोतात विजेने होणारं; इथे एक टिपका, तिथे एक टिपका. सलग ओढलं किंवा गॅसने केलं तर पातळ पत्रा तापून वेडावाकडा होतो. मग सांध्यांना सीलंट, इपॉक्सी प्रायमर, आणि तो दोन दिवस सुकल्यावरच खालून कोटिंग.

आता तक्रारी. पाच दिवस सांगून अकरा दिवस लावले. अर्धा दोष विजेचा, अर्धा एका लग्नाचा. मृगाआधी गाडी मिळाली हे नशीब. ग्राइंडर चालवताना सीट झाकल्या, मागच्या दाराची काच झाकली नाही. ठिणग्यांचे तपकिरी ठिपके काचेत कायमचे रुतलेत. ते म्हणाले, लिंबाने जातील. गेले नाहीत. छापील बिल नाही, वहीच्या कागदावर हिशेब. आणि दाराखालच्या डब्यात आतून गंज धरू नये म्हणून ते जुनं इंजिन ऑइल ओततात. मला ते अंगणात ठिबकणारं नको होतं, मी १,१०० रुपयांचा लांब नळीचा वॅक्स स्प्रे मागवून दिला. तो त्यांनी आनंदाने मारला, उरलेला ठेवूनही घेतला!

काचेचं रबर बसवणावळीसकट १,५००, नवा नमदा आणि मॅटिंग २,८००. सगळे मिळून २०,६००. गाडी विकायला काढली तर ह्याच्या दुप्पटसुद्धा येतील की नाही शंका आहे. बाबांना हा हिशेब मी सांगितलेला नाही, तुम्हीही सांगू नका.

बाबांनी मात्र एक हुशारी केली. पावसाळाभर मॅटखाली वर्तमानपत्राची घडी पसरून ठेवली आणि दर रविवारी काढून बघितली. ड्रायव्हरकडची कायम कोरडी. ऑगस्टमध्ये डावीकडची एकदा भिजली. चाचांकडे नेली तर दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात, ती जांभळाच्या पानांनी बुजलेली. तारेने मोकळी केली, पैसे घेतले नाहीत, आणि "गाडी जांभळाखाली लावू नका" म्हणाले. आमच्या अंगणात दुसरी सावलीच नाही. त्यामुळे आता रविवारच्या कार्यक्रमात वर्तमानपत्राबरोबर तारही आली आहे.

जायचं असेल तर पावसाळा संपल्यावर जा, पत्रा सुकलेला असतो. शुक्रवारी दुपारी बंद. आणि सीट घरीच काढून नेल्यात तर ३०० रुपये कमी घेतात, हे मला शेवटी कळलं.