काळ्या गाडीसाठी ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर
रोटरी मशिनने पॉलिश केल्यानंतर माझ्या काळ्या गाडीवर उन्हात दिसू लागलेले धुरकट गोल पट्टे घालवण्यासाठी मी १५ मिलिमीटर कक्षेचा ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर घेतला. रोटरीचे पॅड एकाच अक्षाभोवती फिरत असल्याने ओरखड्यांना ठरावीक दिशा मिळते. ड्युअल अ‍ॅक्शनमध्ये पॅड स्वतःभोवती फिरता फिरता कक्षेतही, म्हणजे छोट्या वर्तुळात, हलते, त्यामुळे तशी नक्षी सहसा उमटत नाही. मात्र बोनेटच्या वळणांवर थोडे अधिक दाबताच पॅडचे फिरणे थांबते, हा त्रास मला वारंवार झाला. मऊ फोम, बारीक पॉलिश आणि सावलीतला थंड पत्रा, एवढे जमले तेव्हाच पट्टे गेले. पॉलिशमधील तेल उरलेले ओरखडे तात्पुरते झाकते, म्हणून पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून टॉर्चखाली पाहिले. आरशांजवळच्या अरुंद जागा शेवटी हातानेच कराव्या लागल्या.