कॅपचा टवका उडालाय, बाटली कोणती काढू?

पुढच्या दाताच्या मेटल-सिरॅमिक (धातूवर पोर्सिलेन चढवलेल्या) कॅपचा टवका उडालाय, आतला धातू डोकावतोय आणि पेशंटला नवीन कॅप नकोय. त्या धातूवर कंपोझिट (दाताच्या रंगाचं भरण) टिकवायला तीन वाटा आहेत: वेगळा मेटल प्रायमर (धातूवर पकड देणारं द्रावण), युनिव्हर्सल बाँडिंग (अनेक पृष्ठभागांवर चालणारं चिकट द्रावण), नाहीतर सिलिका कोटिंग आणि सायलेन (सिलिका किंवा पोर्सिलेनला कंपोझिट जोडणारं रसायन).

बाटलीला हात लावण्याआधी, कॅपचा धातू कोणता ते कळायला लॅबची जुनी चिठ्ठी शोधा. निकेल-क्रोम किंवा कोबाल्ट-क्रोम निघालं तर काम सोपं. क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर असतो आणि एमडीपी या मोनोमरचा (बाँडिंगमधल्या पकड देणाऱ्या रेणूचा) फॉस्फेट गट त्यालाच जाऊन धरतो. एमडीपी असलेलं युनिव्हर्सल बाँडिंग इथे पुरतं, वेगळ्या प्रायमरवर पैसे घालायची गरज मला तरी वाटत नाही.

सोनं भरपूर असलेल्या मिश्रधातूवर मात्र एमडीपीला धरायला फारसं काही सापडत नाही. तिथे गंधकवाला मोनोमर हवा, उदाहरणार्थ व्हीबीएटीडीटी. कुरारे कंपनीच्या अलॉय प्रायमरमध्ये हा आणि एमडीपी दोन्ही आहेत. चिठ्ठी सापडली नाही (बहुतेकदा नाहीच सापडत) की मी तीच बाटली काढतो.

सिलिका कोटिंग धातूची जात विचारत नाही. सिलिकाचा लेप दिलेले ३० मायक्रॉनचे ॲल्युमिना कण मारले की सिलिका धातूत रुतते आणि मग सायलेनला पकड मिळते. पण पावडर महाग, शिवाय धूळ इतकी की रबर डॅम (दाताभोवती लावायचा रबरी पडदा) आणि दमदार सक्शन नसेल तर या वाटेला जाऊ नये.

युनिव्हर्सलच्या काही बाटल्यांवर ‘सायलेनही आत आहे’ असं लिहिलेलं असतं. आम्लधर्मी द्रावणात सायलेन फार दिवस तग धरत नाही. टवक्याच्या कडेला पोर्सिलेन असतंच, म्हणून त्यावर सायलेन वेगळं लावलेलं बरं.

सिलिका कोटिंग करणार नसाल, तर प्रायमर असो वा युनिव्हर्सल, आधी ५० मायक्रॉन ॲल्युमिनाने सँडब्लास्ट हवंच: साधारण १० मिलिमीटरवरून १०-१५ सेकंद. नुसतं बरने (ड्रिलच्या टोकाने) खरवडून तेवढी पकड येत नाही. दवाखान्यात सँडब्लास्टर नसेल तर बाटल्यांचे पैसे आधी त्यात घाला. आणि सँडब्लास्टनंतर लाळेचा थेंब लागलाच, तर पुन्हा पहिल्यापासून.

वरून ओपेकर (धातूचा रंग झाकणारा लेप) पातळच, दोन थरांत, प्रत्येक थर वेगळा क्युअर (प्रकाशाने कडक) करून. एकच जाड थर दिला तर प्रकाश तळापर्यंत पोचत नाही आणि कंपोझिट ओपेकरसकट सुटून हातात येतं.