गावात जायचंय, पण रासेयोतून की मायनर घेऊन?

दोन्हीकडे शेवटी गावातच जायचं, मग मायनरचं, म्हणजे पदवीतल्या दुय्यम विषयाचं, ओझं कशाला, असं ज्युनिअर विचारतात. मी आधी राष्ट्रीय सेवा योजनेत (रासेयोत) होतो आणि नंतर समाजसहभाग व शिक्षण हा मायनर घेतला, त्यामुळे माझं मत अगदी तटस्थ नाही.

रासेयोची घडी 1969 पासून बसलेली आहे. वर्षाला 120 तास आणि दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर. पहाटेची प्रभातफेरी, दुपारी श्रमदान, रात्री पारावर पथनाट्य. तिथं जमली तशी दोस्ती मायनरच्या वर्गात काही जमली नाही. डोक्यावर परीक्षाही नाही.

मला खटकलं ते सर्वेक्षण. आम्ही घरोघरी फॉर्म भरत होतो: माणसं किती, संडास आहे का, पोरं कितवीला. एका ओट्यावर आजी शेंगा फोडत बसल्या होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मागच्या साली पण लिहून नेलं पोरांनी. काय झालं त्याचं?" सरांना विचारलं, तर फॉर्म अहवालाला जोडले म्हणे. पुढच्या वर्षी तेच गाव, तोच फॉर्म. तो ओटा आला की मी दुसऱ्या कुणाला तरी पुढे करायचो. आमच्याच युनिटची ही रीत असेल कदाचित. कार्यक्रम अधिकारी खमके असतील तिथं चित्र वेगळं असू शकतं.

मायनरला आम्हाला सेमिस्टरभर एकच जिल्हा परिषद शाळा होती. 'असर' या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या सर्वेक्षणाच्या पद्धतीनं एकेका मुलाचं वाचन तपासायचं: आधी परिच्छेद द्यायचा, जमला तर गोष्ट, अडखळला तर शब्द, तेही नाही तर अक्षरं. मग जे दिसलं ते शाळा व्यवस्थापन समितीपुढे मांडायचं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. त्यातल्या एकांनी सरळ विचारलं, "मग घरी आम्ही काय करून घ्यायचं?" पुढच्या बैठकीला उत्तर घेऊनच जावं लागलं.

त्रास इथंही आहे. थिअरीच्या एका क्रेडिटला 15 तास, फिल्डच्या एका क्रेडिटला 30. म्हणजे तेवढ्याच क्रेडिटला दुप्पट वेळ. शनिवारी शाळा सकाळची, आणि आमची एसटी पोचेपर्यंत मधली सुट्टी झालेली. सायन्सवाल्यांची प्रॅक्टिकलशी टक्कर होते ती वेगळीच. मायनरचं जर्नल लिहायचा कंटाळा असेल, तर रासेयोच बरी. तिचे क्रेडिटही आता सहअभ्यासक्रमात धरले जातात.

तरी आज पुन्हा निवडायचं झालं, तर मी बहुधा मायनरच घेईन. फक्त मायनरचा फॉर्म भरण्याआधी विभागात दोन गोष्टी विचारा: सेमिस्टरभर एकाच ठिकाणी पाठवणार का, आणि जमवलेली माहिती गावाला परत कोण सांगणार? दुसऱ्यावर "अहवालात येतं की" असं उत्तर आलं, तर शिबिराची बॅग भरा.